कठडा नव्हता तिथून डावीकडे

रीजिस हुदाकला रस्ता विचारणारा माणूस आधी नुसता नवखा असतो. विचारून झाल्यावर तो नवखाही असतो आणि हरवलेलाही.

मागे एकदा पिझ्झा घेऊन आलेल्या बाईने आमच्या टेकडीवर गाडी थांबवून त्याला माझं घर विचारलं. रीजिस हातातलं काम ठेवून पुढे आला. रस्ता सांगणं हे काम तो घाईत कधी करत नाही. "हे बघ," तो म्हणाला, "सरळ जा. क्राउसची बेकरी होती ना, तिथे डावीकडे वळ. मग शाळा पाडली, तिच्या कोपऱ्यावरून वर चढ. पालकोबाईंचं नासपतीचं झाड वादळात पडलं, त्याच्या बरोबर समोरचं घर." बेकरी त्र्याऐंशी साली बंद झाली. शाळेच्या जागी गवत आहे. झाड पडलं, आणि पालकोबाई तर झाडाच्याही आधी गेल्या. ती बाई पाऊण तास टेकडीवर फिरत होती. पिझ्झा माझा होता, म्हणून हा हिशेब मला नेमका ठाऊक आहे.

आता पिट्सबर्गात सगळेच असा रस्ता सांगतात. जे आहे ते डोळ्यांना दिसतंच, ते काय सांगायचं? जे नाही ते सांगता आलं की माणूस इथला. पण आमच्या साउथ साइडच्या टेकडीवर या विद्येत रीजिसचा हात धरणारा कोणी नाही, कारण ती त्याने पाठीवर मिळवलेली आहे. तेहेतीस वर्षं तो एका फर्निचरच्या दुकानात माल पोचवायला होता. आमच्याकडे रस्ता चढता चढता मध्येच दमतो आणि त्याच्या पुढे पायऱ्या लागतात. घरं पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना, घोड्याला गोचिड्या चिकटाव्यात तशी चिकटलेली. ट्रक खाली उभा राहायचा आणि फ्रिज रीजिसच्या पाठीवरून वर जायचा. त्यामुळे टेकडीवरचं प्रत्येक घर त्याला आतल्या सामानासकट पाठ आहे. लेनोर स्कर्लाटोकडे पियानो चढवताना तो नव्वदाव्या पायरीवर थांबला होता, आणि तिथे पियानोवर बसून त्याने सँडविच खाल्लं होतं. लेनोरने त्याला अजून माफ केलेलं नाही. पियानोत मोहरीचा वास येतो म्हणते.

आमच्या घरांच्या मागून ज्या सिमेंटच्या पायऱ्या खाली चर्चपर्यंत जातात त्या एकशे एकाहत्तर. निवृत्त झाल्यावर रीजिसने त्या दत्तक घेतल्या. बर्फ पडला की पहाटे फावडं, मग मीठ. उन्हाळ्यात फटींतलं गवत उपटायचं. दर दहाव्या पायरीवर त्याने पिवळ्या रंगात आकडा काढला, म्हणजे चढणाऱ्याला आपण कुठे मरणार आहोत याचा अंदाज यावा. त्याची बायको वर्ना म्हणायची, "याने माझ्याशी लग्न केलं ही चूक झाली. पायऱ्यांशी करायला हवं होतं. त्या उलटून बोलत नाहीत."

वर्ना उलटून बोलते, आणि टेकडीला त्याची सवय आहे. चाळीस वर्षं दर गुरुवारी ती त्या पायऱ्या उतरून चर्चच्या तळघरात जायची. तिथे वीस-पंचवीस बायका मिळून पिरोग्या करतात, करंजीसारख्या दुमडलेल्या, उकडलेल्या बटाट्याच्या आणि चीजच्या, शुक्रवारी विकायला. वर्नाकडे मुरडीचं खातं. कोणाच्या हातची मुरड सैल दिसली तर ती काही बोलत नसे, ती पिरोगी फक्त उचलून त्या बाईच्या पुढ्यात परत ठेवत असे. एका बाईने याच कारणावरून धर्म बदलला असं म्हणतात, पण ते लेनोर म्हणते.

पायऱ्यांचा शेवटचा टप्पा एक्कावन्न पायऱ्यांचा. त्याचा लोखंडी कठडा पाच वर्षांपूर्वी गंजून पडला. रीजिसने तिथे कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती. गेल्या फेब्रुवारीत वर्ना ती दोरी धरून उतरत असताना दोरीही तिच्याबरोबर उतरली. सात पायऱ्या. गुडघा सहा आठवड्यांत बरा झाला. भीती काही बरी झाली नाही. वरून दहा-बारा पायऱ्या ती यायची, खाली बघायची आणि घरी काहीतरी विसरलं म्हणून परत फिरायची.

मी गाडीने सोडतो, असं रीजिस म्हणाला, आणि दोन गुरुवार त्याने सोडलंही. तिसऱ्या गुरुवारी ती गाडीत बसेना. चाळीस वर्षं स्वतःच्या पायाने आलेली बाई नवऱ्याने दारात उतरवलेली दिसली की बाकीच्या बायका खुर्ची पुढे करतात. एकदा खुर्ची पुढे झाली की मुरडीचं खातं गेलं. शिवाय बर्फात आमच्या रस्त्यावरून गाडी खाली जाते खरी, पण ती तिच्या मर्जीने जाते. त्यामुळे वर्ना गुरुवारी घरात बसू लागली. घरात एकच माणूस होता, आणि त्याची प्रत्येक गोष्ट तिला सैल मुरडीची दिसू लागली.

त्यांची मुलगी कॅरल-ॲन ओहायोत राहते. तिथे चढ ही वस्तूच नाही. तिने आपल्या घराजवळ एक बुटकं घर पाहून ठेवलं, ज्यात दारापासून पलंगापर्यंत एकही पायरी नव्हती. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत इथे कठडा झाला तर ठीक, नाहीतर हे घर विकायचं आणि तिकडे यायचं, असं तिने ठरवलं. वर्ना "बघू" म्हणाली. वर्नाच्या तोंडून "बघू" हा शब्द रीजिसने चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकला.  तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला आणि पेन्सिलीने आणखी एक पत्र लिहू लागला.

पालिकेत पायऱ्यांचं एक खातं आहे. त्या खात्याला रीजिसने पाच वर्षांत एक्केचाळीस पत्रं लिहिली. प्रत्येकाचं उत्तर आलं, हे मान्य केलं पाहिजे. प्रत्येक उत्तर एकच होतं, छापील कार्डावर: विनंती मिळाली, जागेची नेमकी माहिती कळवावी. रीजिसला हे फार लागायचं. "आणखी किती नेमकी?" तो मला कार्ड दाखवून विचारायचा. मग पुढच्या पत्रात तो आणखी एक खूण घालायचा. पहिल्या पत्रात नुसता स्टँकोचा जळालेला बार होता. दहाव्यात क्राउसची बेकरी आली. विसाव्यात शाळा. तिसाव्या पत्रात कोव्हाचांचा हिरवा सोफा आला, जो दारातून आत जाईना म्हणून अंगणातच राहिला आणि बारा वर्षं तिथेच कुजला. एक्केचाळिसाव्या पत्रात जागेची माहिती दीड पान होती, आणि कठडा एका ओळीत.

असं सगळं असताना ऑगस्टमध्ये त्याला आमंत्रण आलं. जाड, पिवळसर कागद, उठावाची अक्षरं. शहरात नगरशोभा मंडळ म्हणून एक संस्था आहे. वास्तुकला आणि शहरसुधारणा यांत नाव काढणाऱ्यांचा ती दरवर्षी मोठ्या हॉटेलात भोजन देऊन सत्कार करते. मंडळाच्या एक बाई व्यायामाच्या कपड्यांत आमच्या पायऱ्या चढत होत्या. त्यांना एकशे विसाव्या पायरीवर एक म्हातारा गुडघे टेकून शून्याला पिवळा रंग देताना दिसला. त्यातून हे निघालं. मुख्य सत्कार फाबियन क्रूल नावाच्या जगप्रसिद्ध वास्तुकाराचा होता. हॉलंडचा माणूस, नदीकाठी काहीतरी मोठं बांधणार होता. आणि सामान्य नागरिकाचा मान रीजिसला. दोन मिनिटं बोलायला मिळणार होती, आणि आपल्या माणसांसाठी दहा खुर्च्या.

"पालिकेची माणसं येतील तिथे?" रीजिसने फोनवर विचारलं. येतील, मंडळाच्या बाई म्हणाल्या, पायऱ्यांच्या खात्यालाही एक टेबल दिलं आहे. रीजिसने फोन ठेवला आणि मला म्हणाला, "बेचाळिसावं पत्र तोंडी देतो."

वर्नाचा प्रश्न वेगळा होता. "कुकीज कोण करतंय?"

आमच्याकडे लग्न म्हटलं की एक टेबल कुकीजचं असतं. केक असतो, तो असतोच. पण नवरीच्या मावश्या, आत्या, शेजारणी महिनाभर आधीपासून भट्ट्या पेटवतात, आणि ते टेबल भरलेलं नसेल तर लग्न कायद्याने लागलं तरी टेकडीच्या लेखी लागत नाही. सुटाबुटातली चारशे माणसं जेवायला बसणार आणि कुकीज नाहीत, हे वर्नाच्या डोक्यात शिरेना. हॉटेलवाले गोड देतील, असं मी म्हणून पाहिलं. तिने माझ्याकडे सैल मुरडीसारखं पाहिलं. पुढचे तीन आठवडे तिने आणि लेनोरने ओव्हन थंड होऊ दिला नाही. लेनोरच्या जाळीदार पिझेल्या, वर्नाच्या अक्रोडाच्या गुंडाळ्या, क्रीम भरलेल्या नळ्या, जॅमचा ठिपका दिलेल्या, आणि दोन अर्धगोल चिकटवून केलेले गुलाबी पीच. बेचाळीस डझन. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा त्या घरातून हसण्याचा आवाज आला. तेही लेनोरच्या पिझेल्या करपल्यावर.

सत्काराच्या दिवशी निघताना रीजिसने आपल्या दारासमोर गाडी काढलेल्या जागी स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवली. यात विशेष काही नाही. आमच्याकडे खुर्ची ठेवली की जागा तुमची. ती हलवणाऱ्याशी पुढच्या तीन पिढ्या बोलत नाहीत. विशेष हे, की हॉटेलच्या दारात गणवेशातला माणूस गाडीची किल्ली मागू लागला तेव्हा रीजिसने ती द्यायला साफ नकार दिला. अनोळखी माणसाला किल्ली देणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. त्याने आम्हाला आणि कुकीजना उतरवलं, गाडी कोपऱ्यावर रस्त्याकडेला लावली आणि मागून आणखी एक घडीची खुर्ची काढून गाडीच्या मागे ठेवली, निघताना जागा मोकळी मिळावी म्हणून. मला वाटलं आता वाद होणार. गणवेशातल्या माणसाने खुर्चीकडे पाहिलं, टोपी सारखी केली आणि मागून आलेली लांबलचक काळी गाडी खुर्चीला वळसा घालून पुढे पाठवली. तोही इथलाच होता.

आत दिव्यांची झुंबरं, बायकांच्या पाठीवर कापड कमी आणि जमिनीवर जास्त. रीजिसने कॅरल-ॲनच्या लग्नातला सूट घातला होता. लग्न झालं त्याला अठरा वर्षं झाली आणि सूट त्या तारखेला ठाम होता. दाराशी मंडळाच्या व्यवस्थापक बाई होत्या. न्यूयॉर्कहून याच कामासाठी आणलेल्या, कानात यंत्र. त्यांना एका मागोमाग सात ट्रे आत येताना दिसले. हे काय आहे, असं त्यांनी विचारलं. वर्नाने सांगितलं, कुकीज. कोणी मागवल्या, असं त्यांनी विचारलं. या प्रश्नाचा अर्थ वर्नाला खरोखर कळला नाही. त्या दोघी एकमेकींकडे बघत असताना हॉटेलच्या वाढप्यांनी काही न बोलता एक लांब टेबल आणलं, पांढरी चादर घातली, ट्रे मांडले आणि शेजारी पुठ्ठ्याच्या खोक्यांची चळतही ठेवली, घरी न्यायला. त्यांनी हे हजार वेळा केलेलं होतं. जागा थोडी कमी पडली तेव्हा लेनोरने शेजारच्या टेबलावरचे पांढरे ठोकळे सरकवले. ते क्रूल साहेबांच्या नदीकाठाचं मॉडेल होतं. त्यातला एक मनोरा पुढे एका वयस्क देणगीदाराने नळी समजून उचलला, चावण्याआधी चष्मा लावला आणि परत ठेवला. दुसऱ्याच काठावर ठेवला, पण काही बिघडलं नाही.

जेवण आलं. ताटाच्या मधोमध बदकाचे तीन काप, आणि पाल्याचे चार देठ. वर्नाने काटा उचलला आणि खाली ठेवला. "सॅलडवर बटाट्याच्या फ्राइज नाहीत," ती म्हणाली, कारण आमच्याकडे त्याशिवाय सॅलड होत नाही. एवढं बोलून ती पायऱ्यांच्या खात्याच्या टेबलाकडे मान वळवून पाहू लागली. आमच्या टेबलावर कॅरल-ॲनच्या पर्समधून ओहायोच्या घराचे फोटो बाहेर येत होते आणि लेनोर ते बदकापेक्षा आवडीने पाहत होती. "काय सपाट आहे गं," लेनोर म्हणाली. "इथे म्हातारपणी माणूस घसरून पडणार तरी कुठे?" कॅरल-ॲनला ती स्तुती वाटली.

रीजिसचं नाव पुकारलं. तो व्यासपीठावर चढला. तेवढ्या चार पायऱ्या चढताना त्याने कठड्याला हात लावून तो हलतो का पाहिलं, हे मी पाहिलं. एक काचेचं, त्रिकोणी, जड इनाम त्याच्या हातात दिलं. भाषण त्याच्या खिशात कार्डावर होतं. वर्नाने आठ वेळा छाटून त्याची दोन वाक्यं केली होती. त्याने ती वाचली. "आभारी आहे. आमच्या मागच्या पायऱ्यांना खालच्या टप्प्यावर कठडा पाहिजे, बर्फ पडायच्या आत."

टाळ्या झाल्या. तिथेच तो खाली आला असता तर बरं झालं असतं. पण समोर चारशे माणसं, त्यांना पायऱ्या कुठल्या ते कळायला नको? तो परत माइककडे वळला. "म्हणजे कुठल्या, तर स्टँकोचा बार जळाला ना, त्याच्या मागे..."

"रीजिस, तो स्टँकोचा नव्हे," मागून आवाज आला. हातात सहा ताटं घेतलेला एक पांढऱ्या केसांचा वाढपी होता, डेनिस नावाचा. "स्टँकोचा खाली पुलाजवळ. तुझ्या मागचा तो मिक्लोशचा."

"मिक्लोशने स्टँकोकडून घेतला तो. सत्तर साली."

"बहात्तर."

"एकाहत्तर," पहिल्या टेबलावरून आवाज आला. मोत्यांची माळ घातलेल्या एक फार म्हाताऱ्या, फार मोठ्या देणगीदार बाई होत्या. "माझं लग्न ठरलं त्या बारमध्ये. मोडलंही तिथेच."

यावर अर्धी सभा विचारात पडली. उरलेली अर्धी, म्हणजे बाहेरगावाहून आलेली, एकमेकांकडे पाहू लागली. व्यासपीठावर वेळ संपल्याचा लाल दिवा लागला. रीजिस हिरव्या सोफ्यापर्यंत पोचला होता तेवढ्यात वाद्यं वाजायला लागली.

तो खाली येऊन बसला. इनाम त्याने टेबलावर ठेवलं. त्रिकोणी असल्यामुळे ते आडवं पडलं. वर्नाने ते एकदा उभं करून पाहिलं.

"कठडा मागायला गेलास," ती म्हणाली, "आणि बारचं लग्न लावून आलास."

रीजिसने हो म्हणून मान हलवली. कॅरल-ॲनने फोटो पर्समध्ये ठेवून दिले. आता ते दाखवायची गरज नव्हती. मला ते जास्त वाईट वाटलं.

मग फाबियन क्रूल बोलले. चाळीस मिनिटं. काळे कपडे, गोल चष्मा, मागे पडद्यावर धुक्याची चित्रं. शहर भिंतींनी बनत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. शहर बनतं रिकाम्या जागांनी. जे तिथे नाही, ते वाचता आलं पाहिजे. सभा भारावून ऐकत होती. लेनोर रीजिसच्या कानाशी वाकली. "हे तर तू रोज फुकट सांगतोस," ती म्हणाली. रीजिस हसला नाही.

भाषण संपल्यावर लोक उठले आणि, जसं व्हायचं तसं, कुकीजच्या टेबलाशी गर्दी झाली. वर्ना टेबलामागे उभी राहिली, कोण काय उचलतो ते बघत. तिथे तिशीतली एक मुलगी आली. उंच, साधा निळा झगा, हातात खोकं, पण कुकी काही उचलेना. रीजिसकडे बघत होती.

"मिस्टर हुदाक," ती म्हणाली, "तो सोफा. हिरवा. अंगणातला."

"कोव्हाचांचा," रीजिस म्हणाला. "तू कुठे पाहिलास? तू जन्मली नसशील."

"मी तो तीन वेळा शोधला आहे," ती म्हणाली.

तिचं नाव टेस लिंडग्रेन. पायऱ्यांच्या खात्यातली इंजिनिअर, नेब्रास्काची. चार वर्षांपूर्वी इथे आली. तिच्या कपाटात एक फाइल होती, वर लिहिलेलं: पत्ता सापडत नाही. आत एकच माणूस होता. एक्केचाळीस पत्रं. खात्यातले बाकीचे लोक कार्ड पाठवून मोकळे होत. पण तिला त्या पत्रांचा नाद लागला होता, आणि दोन रविवार आणि एक सुट्टीचा सोमवार तिने आमच्या टेकडीवर घालवला होता. पत्रांवर रीजिसचा पत्ता म्हणून फक्त पोस्टातल्या पेटीचा नंबर होता, आणि नकाशावर स्टँकोचा बार नव्हता. क्राउसची बेकरी नव्हती. तिने रस्त्यातल्या लोकांना विचारलं. लोक फार मदत करणारे होते. एकाने सांगितलं, शाळा पाडली तिथून उजवीकडे. दुसऱ्या एका बाईने तिला पंचवीस मिनिटं रस्ता सांगितला आणि वर पिझेल्या दिल्या.

"ती तू होतीस?" लेनोर म्हणाली. "खाल्ल्यास का?"

"पण तुम्ही पत्रात रस्त्याचं नाव का लिहिलं नाही?" टेसने रीजिसला विचारलं.

"त्या पायऱ्या आहेत," रीजिस म्हणाला. "पायऱ्यांना कसलं नाव?"

 वर्नाने खोक्यांची चळत बाजूला केली, चादरीवरचे कण हाताने झाडले आणि मधोमध एक गुलाबी पीच ठेवला. "हे आमचं घर," ती म्हणाली. "आता सांग, रीजिस. आणि बार सोडून सांग."

बार सोडून सांगणं त्याला जमलं नाही. जॅमच्या ठिपक्याची कुकी स्टँकोचा, म्हणजे मिक्लोशचा बार झाली. अक्रोडाची गुंडाळी म्हणजे शाळा. चर्च म्हणून क्रीमची नळी उभी केली. डेनिस ताटं ठेवून आला आणि त्याने शाळा दोन बोटं अलीकडे सरकवली. मोत्यांच्या माळेच्या बाई काठी टेकत आल्या आणि बेकरी कुठे होती ते त्यांनी स्वतः पिझेली ठेवून दाखवलं. दुसरी एक पिझेली ठेवून तिथे काय मिळायचं तेही सांगितलं. मग बाकीचे आले. बँकवाले, वकील, हॉटेलचा स्वयंपाकी. ज्याचं बालपण नदीच्या या काठाला गेलं होतं त्या प्रत्येकाला काहीतरी ठेवायचं होतं. बंद पडलेलं सिनेमागृह, न्हाव्याचं दुकान, आजोबा उतरायचे तो ट्रामचा थांबा. वर्ना एका टोकाला उभी राहून चुकीच्या जागी ठेवलेली कुकी उचलत होती आणि त्या माणसाच्या पुढ्यात परत ठेवत होती. न बोलता. तिचा चेहरा मी फेब्रुवारीनंतर तसा पाहिला नव्हता.

क्रूल साहेब मागे उभे राहून हे पाहत होते. त्यांचं मॉडेल भिंतीकडे गेलं होतं. त्यांनी हळूच विचारलं, यातलं आता उभं काय काय आहे? डेनिसने टेबलावरून नजर फिरवली. "चर्च," तो म्हणाला, "आणि हुदाक." मग त्याने त्यांच्या हातात एक नळी दिली. त्यांनी ती खाल्ली, आणि आणखी एक घेतली.

टेस फोनवरचा नकाशा कुकीजच्या नकाशाशी फिरवून फिरवून लावत होती. पीच आणि नळी यांच्यामध्ये एक बारीक तुटक रेघ आली. ती थांबली. "ओस्टर स्ट्रीट," ती म्हणाली.

 त्या पायऱ्यांवरून ज्यांची आयुष्यं चढली-उतरली त्या आम्हा कोणालाही हे नाव माहीत नव्हतं. पाटी होती म्हणे कधीकाळी. "माझ्या घरामागे स्ट्रीट आहे?" रीजिसने विचारलं. एवढी वर्षं आपल्याला सांगितलं कसं नाही, असा त्याचा सूर होता.

पण खरी गंमत पुढेच होती. टेसने ते नाव खात्याच्या यादीत घातलं आणि तिचा हात कपाळाला गेला. ओस्टर स्ट्रीट, खालचा टप्पा, एक्कावन्न पायऱ्या, नवा कठडा: दोन वर्षांपूर्वीच मंजूर. काम अडलं होतं ते एकाच गोष्टीसाठी. ज्या पायऱ्या कोणी वापरतं त्यांचीच कामं आधी धरायची, असा नियम होता, आणि ओस्टर स्ट्रीटवरून पाच वर्षांत एकाही रहिवाशाचं पत्र आलेलं नव्हतं.

"एकही नाही?" रीजिस म्हणाला.

"एकही नाही."

वर्नाने कुकीच्या खोक्याचं झाकण फाडलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. मोत्यांच्या बाईंनी पेन दिलं. रीजिस लिहायला बसला, आणि सवयीने त्याचा हात स्टँकोच्या एस अक्षराकडे वळलेला मी पाहिला. वर्ना मागेच उभी होती. "ओस्टर," ती म्हणाली. त्याने ओस्टर लिहिलं. मग कठडा पाहिजे असं लिहिलं. मग सही केली. पाच वर्षांतलं ते त्याचं सगळ्यात लहान पत्र.

बाहेर आलो तेव्हा घडीची खुर्ची जागेवरच होती. तिच्या मागे गाड्यांची रांग अदबीने वळून जात होती.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात कठडा बसला. रीजिस रोज जाऊन कामगारांच्या डोक्यावर उभा राहायचा. शेवटी त्यांनी त्यालाच गज धरायला लावला. पुढचा गुरुवार आला. वर्नाने कोट घातला, पिशवी घेतली आणि मागचं दार उघडलं. रीजिस बरोबर निघाला तेव्हा तिने त्याला थांबवलं. "पार्सल नाही मी," ती म्हणाली. तो वरच्या पायरीवर उभा राहिला, मी माझ्या खिडकीत. शेवटच्या टप्प्यापाशी ती थांबली. कठडा धरला. एकदा हलवून पाहिला. मग उतरली, एक्कावन्नच्या एक्कावन्न. त्या दिवशी तळघरात कोणी खुर्ची पुढे केली नाही. उलट सहा पिरोग्या परत गेल्या. त्यातली एक फादरची होती.

ओहायोतलं सपाट घर कॅरल-ॲनने दुसऱ्या कोणाला मिळवून दिलं. थँक्सगिव्हिंगला ती इकडे आली आणि एकशे एकाहत्तर पायऱ्या उतरून धापा टाकत चर्चला गेली, आईच्या मागून. काचेच्या इनामासाठी वर्नाने उपयोग शोधला आहे. कोबी आंबवायला घातल्यावर वरून दाबायला काहीतरी जड, न गंजणारं लागतं.

टेस आता महिन्यातून एकदा येते. टेकडीवरच्या उरलेल्या पायऱ्यांची नावं आणि गेलेल्या दुकानांची नावं ती समोरासमोर लिहून घेते आहे. रीजिस सांगतो, वर्ना दुरुस्त करते. मागच्या शनिवारी ती पहिल्यांदाच खालच्या बाजूने, एका नव्या रस्त्याने आली आणि हरवली. तिने फोन केला. मी तिथेच होतो. वर्नाने डोळे वटारले: आता तरी ओस्टर स्ट्रीट म्हण.

रीजिसने फोन दुसऱ्या हातात घेतला, खुर्ची ओढून बसला आणि घसा साफ केला.

"हे बघ, टेस," तो म्हणाला, "सरळ ये. जिथे कठडा नव्हता ना, तिथून डावीकडे."

ती सात मिनिटांत दारात होती.